ताडकळसच्या अंगणांतील हिरवें पाणी

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यांत ताडकळस म्हणून गांव आहे. तेथें आमच्या भाचीच्या घरीं गेल्या वैशाखांत मुंजीच्या निमित्तानें जाण्याचा योग आला. परभणीहून निघालों तेव्हां दुपार कलली होती. दोहों बाजूंस नांगरून टाकलेली काळी जमीन, तींत पडलेल्या वीतवीत भेगा, मधूनच एखाद्या लिंबाची सावली. गोदावरीच्या खोऱ्यांतील ही माती पावसाळ्यांत चाकांस सोडीत नाहीं आणि उन्हाळ्यांत अशी दुभंगते. वाटेंत मोटारीचा उष्णतेचा कांटा दोनदां वर चढला. आम्हीं तो दोष मराठवाड्याच्या उन्हास दिला, मोटार निववून एका शेतांतील बोअरचें पाणी रेडिएटरांत ओतलें व पुढें निघालों. दोन महिने दर आठवड्यास हाच उपचार चालला होता, हें येथें कबूल केलें पाहिजे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं विहीणबाईंनीं घाईनें हांक मारली. सडा घातलेल्या अंगणांत मोटारीच्या पुढल्या भागाखालीं हिरवट पाण्याचें थारोळें सांचलें होतें, आणि दाव्याचें वासरूं मान ताणून त्यास तोंड लावूं पाहत होतें. भाचीचें धाकटें मूल तर त्यांत बोट बुडवून बसलें होतें.

जांवई म्हणाले, "मामा, ए.सी.चें पाणी असेल."

परंतु ए.सी.चें पाणी रंगहीन असतें. हें हिरवें, बुळबुळीत व गोडसर वासाचें. इंजिन थंड राखणाऱ्या कूलंटांत एथिलीन ग्लायकॉल असतें. त्याच्या गोड चवीस जनावरें व मुलें भुलतात, आणि तें पोटांत गेल्यास मूत्रपिंडें निकामी होऊन प्राणावर बेततें. वासरूं दूर बांधलें, मुलाचा हात साबणानें धुतला, थारोळ्यावर राख पसरून ती खरडली व विहिरीपासून दूर खड्ड्यांत पुरली. मूल व वासरूं दोघेंही सुखरूप होतीं. पण आमचा हलगर्जीपणा दुसऱ्याच्या अंगणांत असा सांडलेला पाहून मान वर होईना.

गांवांतील ट्रॅक्टर दुरुस्त करणारे एक मेस्त्री आले. तोंवर जांवयांनीं इंजिन चालवून पाहिलें होतें. आम्हीं झांकणास हात घातला तोंच मेस्त्री ओरडले, "गुरुजी, हात काढा! आधी थंड होऊ द्या." त्यांचें खरें होतें. रेडिएटर बंद असल्यानें आंत दाब वाढतो. वातावरणाहून एक पट अधिक दाब असल्यास पाणी १०० ऐवजीं सुमारें १२० अंशांवर उकळतें. झांकण उघडतांच तो दाब जातो, व अतितप्त पाणी वाफ होऊन तोंडावर येतें.

निवल्यावर त्यांनीं तेलाची पट्टी काढून पाहिली. तेल दुधाळ नव्हतें. धुराड्यांतून पांढरा धूरही येत नव्हता. म्हणजे हेड गॅस्केट शाबूत होतें, आणि मोठ्या खर्चाची आमची धास्ती गेली. मग त्यांनीं सर्व भाग कोरडे पुसले, पाणी भरलें, इंजिन सुरू केलें व बॅटरी घेऊन जमिनीवर आडवे झाले. पाण्याचा पंप कोरडा, रेडिएटर कोरडा. खालच्या रबरी नळीच्या तोंडाशीं मात्र पांढरा क्षार जमला होता.

"पाणी इथूनच जायलंय बघा, गुरुजी. लई दिसाचं हाय."

वैद्यकांत आधीं निदान, मग चिकित्सा. शाळेंत आम्हीं वर्षानुवर्षें मुलांस कारण व निमित्त यांतील भेद समजावून दिला. आणि येथें ऊन निमित्त, नळी कारण, हें आम्हांस एका मेस्त्रींनीं उताणें पडून दाखवावें! शिवाय आम्हीं ओतलेल्या बोअरच्या जड पाण्याचेच क्षार त्या नळीच्या तोंडाशीं सुकले होते. तसेच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसतात व त्या चोंदतात.

पट्टीखालीं रबर चिरलें होतें. नळी पुरेशी लांब असल्यानें मेस्त्रींनीं तिचें टोंक दोन बोटें कापून नव्या पट्टीनें आवळलें. आंतलें पाणी एका घमेल्यांत काढून घेतलें. तें अंगणांत सांडूं नये म्हणून विहीणबाई स्वतः उभ्या होत्या. मग कूलंट व डिस्टिल्ड वॉटर निम्मेंनिम्म भरलें आणि बुडबुडे थांबेपर्यंत झांकण उघडें ठेवून इंजिन चालविलें, कारण आंत हवा अडकली तर कांटा पुनः चढतो. नळी जुनी झाली आहे, परभणीस पोंचतांच ती बदला, असेंही त्यांनीं बजावलें. पैसे मात्र आग्रह केल्यावरच घेतले.

मुंज यथासांग पार पडली. त्या रात्रीं मोटारीखालीं पत्रावळींच्या खोक्याचा पुठ्ठा पसरून ठेवला. सकाळीं तो कोरडा निघाला. तरी विहीणबाईंनीं वासरूं त्या बाजूस बांधूं दिलें नाहीं.