एकशे अठरा

५ सप्टेंबर, हाय विकम
माझ्या मुलीची, सईची, इलेव्हन प्लस, म्हणजे ग्रामर स्कूलची प्रवेश परीक्षा, पुढच्या गुरुवारी. परीक्षेवरून मुलं निवडणारी अशी सरकारी शाळा इंग्लंडभर १६३ उरली आहेत, त्यातली १३ आमच्या बकिंगहॅमशायरमध्ये. इथल्या सरकारी प्राथमिक शाळेतल्या मुलांची नावं परीक्षेला आपोआप लागतात. नको असेल तर पालकांनी तसं कळवायचं. दोन पेपर, सगळे पर्यायी प्रश्न, उत्तरपत्रिका यंत्र तपासतं. भाषेला निम्मं वजन, गणिताला पाव, आकृत्यांच्या कोड्यांना पाव. पात्र ठरायला १२१.

नाशिकहून बाबांचा फोन आला. त्यांचा पहिलाच प्रश्न, "१२१, पण कितीपैकी?" जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाला हाच प्रश्न सुचणार. कितीपैकी असं काही नसतंच, म्हटलं. रविवारी निवांत बोलू.

८ सप्टेंबर
दुपारी दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन झालं. रात्री उशिरापर्यंत बाबा जागे राहिले, म्हणून बोलता आलं.

असा गुण कसा काढतात ते सांगायला उदाहरण घेतलं. एका भागात ५० प्रश्न, मुलांची सरासरी ३०, प्रमाण विचलन ८. सईचे ३८ बरोबर आले तर ती सरासरीच्या एक विचलन वर. आता सरासरीला १०० म्हणायचं आणि एका विचलनाला १५. झाले ११५. दुसरा भाग अवघड: सरासरी २२, विचलन ६. तिथे २८च आले, तरी ११५. टक्क्यांत पाहिलं तर एकीकडे ७६, दुसरीकडे ५६. पण मुलांमधली जागा दोन्हीकडे तीच, शंभरातल्या साधारण चौऱ्याऐंशी जणांच्या पुढे.

"मग कच्च्या गुणांची सरळ बेरीज का नाही करत?" असं विचारून बाबांनीच उत्तर शोधलं. भाषेत सगळी मुलं ३५ ते ४५च्या मध्ये दाटलेली आणि गणितात ५ पासून ५० पर्यंत पसरलेली असली, तर दोन्ही विषय पन्नासचे असूनही नंबर गणितच ठरवणार. ज्याचा पसारा मोठा, त्याचं वजन मोठं. म्हणून आधी सगळे भाग एका मोजपट्टीवर आणायचे, मग ठरलेलं वजन द्यायचं. बाबा म्हणाले, "अगं, आम्ही शाळेत वर्षानुवर्षं पहिला नंबर काढत आलो, तो असाच गणिताच्या जिवावर." बराच वेळ त्यांच्या डोक्यात तेच होतं. मलाही बोलता बोलता ते पहिल्यांदा इतकं स्वच्छ दिसलं.

१० सप्टेंबर
आज सराव पेपर झाला. शाळेच्या फाटकाशी वयाच्या सवलतीवरून वाद. सप्टेंबरात जन्मलेल्या एका मुलाच्या आईला वाटतं की ऑगस्टच्या मुलांना फुकटचे गुण मिळतात.

इथलं शालेय वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं. सईचा जन्म १९ ऑगस्टचा. तिला नुकतं दहावं पूर्ण झालं. तिच्याच बाकावरचा मुलगा अकरा पूर्ण करतोय. दहा वर्षांच्या आयुष्यात एक वर्ष म्हणजे दहावा हिस्सा. गुण देताना जन्माच्या महिन्याप्रमाणे सरासरी कशी चढत जाते ते बघतात आणि प्रत्येक मुलाला त्याच्या वयाच्या अपेक्षेशी ताडून पाहतात. तेवढेच प्रश्न बरोबर आले, तर लहानाचा प्रमाणित गुण थोडा जास्त येतो. यात मेहेरबानी कसली? मूल कोणत्या महिन्यात जन्मलं, यावर त्याची शाळा ठरू नये, इतकंच. माझी मुलगी सप्टेंबरची असती तरी मी हेच म्हटलं असतं, आणि त्या बाईंना तसं सांगितलंही.

१२ सप्टेंबर
परीक्षा झाली. बाहेर आल्यावर सईने आधी खायला मागितलं.

२२ सप्टेंबर
मानसशास्त्रज्ञ गॉडफ्री थॉमसन यांच्याबद्दल वाचते आहे. पहिल्या महायुद्धानंतर नॉर्थम्बरलंडमधल्या कितीतरी खेडेगावच्या शाळांतून माध्यमिक शाळेच्या मोफत जागांसाठी एकही मूल परीक्षेला येत नसे. तिथली मुलं मंद होती असं नाही. त्यांना कुणी पाठवतच नव्हतं. अशी मुलं हुडकायला थॉमसननी १९२१च्या सुमारास बुद्धिचाचणी तयार केली. पुढे एडिंबरामध्ये त्यांच्या देखरेखीखाली निघालेल्या मोरे हाउस चाचण्या देशभर इलेव्हन प्लससाठी वापरल्या गेल्या. सरासरी १०० ठेवून वयाचा हिशेब धरणारे तक्ते त्या काळापासूनचे.

हे वाचून जीव तुटला. ज्यांना कुणी शिकवणी दिली नाही, कुणी पुढे केलं नाही, त्यांच्यासाठी ही मोजपट्टी बनली. आज चौथीपासून शिकवणी लावणारी घरं तिच्यासमोर रांगेत उभी आहेत, आमचंही त्यातलंच. गणित जन्माच्या महिन्याची भरपाई करतं; शिकवणीच्या पैशांची भरपाई करणारा स्तंभ त्या तक्त्यात नाही. बर्मिंगहॅममधल्या किंग एडवर्ड ग्रामर स्कूलनी गरीब घरच्या मुलांसाठी पात्रतेची रेषा खाली आणली आहे. माझ्या मते ती सवलत नाही, मापातली दुरुस्ती आहे, वयाच्या दुरुस्तीइतकीच रास्त. सगळीकडे व्हायला हवी.

११ ऑक्टोबर
निकाल. ११८.

संध्याकाळी स्लाऊहून नणंदेचा फोन. "वहिनी, आमच्याला ११३! पास! सईला किती?" ११८ म्हटल्यावर ती आनंदाने ओरडलीच. स्लाऊच्या ग्रामर स्कूलना १११ लागतात. परीक्षा वेगळी, बसणारी मुलं वेगळी, भागांची वजनं वेगळी, रेषाही ज्याची त्याने आखलेली. ११३ आणि ११८ शेजारी ठेवताच येत नाहीत. हे तिला कळेपर्यंत सई जिन्यात बसून ऐकत होती. "म्हणजे मी त्याच्यापेक्षा हुशार की ढ?" तिने विचारलं. यातलं काहीच या आकड्यांतून कळत नाही, हे मी तिला कागदावर दोन रांगा काढून दाखवलं. तिला पटलं की नाही, माहीत नाही. तिने कागद मात्र नीट पाहिला.

१३ ऑक्टोबर
तीन गुण. चाचणीची विश्वासार्हता ०.९५ इतकी उत्तम धरली, तरी पंधराच्या विचलनावर एका मुलाच्या गुणातली प्रमाण त्रुटी तीनहून थोडी जास्तच निघते. म्हणजे सई महिनाभराने बसली असती तर सहज ११५ किंवा १२१ येऊ शकले असते. ११८च्या आणि १२१च्या मुलीत फरक आहे, असं ही परीक्षा छातीठोक सांगू शकत नाही. तरीही एकीला होकाराचं पत्र जातं, दुसरीला नकाराचं.

मग रेषा कुठून येते? जागांवरून. बर्मिंगहॅममध्ये एके काळी ग्रामर स्कूलच्या जागा मुलग्यांना ५४० आणि मुलींना ३६० होत्या. साहजिकच मुलींना जास्त गुण लागत. १९८९मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो लिंगभेद ठरवला. त्या वर्षांत रेषेखाली राहिलेल्या कितीतरी मुली मुलगा असत्या तर आत गेल्या असत्या. बुद्धी तीच, गुण तेच, फक्त बाकं कमी. नापास झाले असं समजूनच त्या मोठ्या झाल्या असतील, आणि याचा मला आजही राग येतो.

२१ ऑक्टोबर
मुख्याध्यापिकांना भेटले. १२१पेक्षा कमी गुण असतील तर समितीकडे फेरविचार मागता येतो. तिथे 'फक्त तीनच कमी' हे म्हणणं चालत नाही. वर्गातल्या कामाचा भक्कम पुरावा लागतो आणि मुख्याध्यापकांचं मत लागतं. बाईंनी सईच्या वह्या काढल्या. वाचनात ती वर्गात फार पुढे आहे, गणितात चांगली, पण डोळे दिपावेत अशी नाही. त्या मागणीला पाठिंबा देतील, पण खात्री देणार नाहीत. त्यांचा हा सरळपणा मला आवडला. वह्या उलटताना वर्षभराची सई दिसली, तीही चुकांसकट. दोन पेपरांत ती एवढी मावणं शक्य नव्हतं. फेरविचार मागायचा ठरवला.

३० ऑक्टोबर
उद्या शाळेच्या अर्जाची शेवटची तारीख. फेरविचाराचा निर्णय त्यानंतर येणार. सहा पसंती देता येतात आणि आपण कितवी पसंती दिली हे शाळांना कळत नाही, त्यामुळे क्रमात डाव खेळायची गरज नाही. पहिली पसंती जवळचं ग्रामर स्कूल. दुसरी घराजवळची परीक्षेविना प्रवेश देणारी शाळा. सईनेच निवडली, कारण तिथलं नाटकाचं दालन तिला आवडलं. ती दुसरी पसंती आम्ही मनापासून घातली आहे. जागा मार्चच्या सुरुवातीला कळतील. अर्ज आज रात्रीच पाठवून दिला.