कंसातला ग्रुप

भीमाशंकरची एसटी घोडेगावच्या बाजारात अडकली होती. पुढे उसाची ट्रॉली, तिच्यापुढे टेम्पो, आणि दोन्ही ड्रायव्हर खाली उतरून एकमेकांची चूक अगदी शांतपणे समजावून सांगत होते. माझ्या खिडकीसमोर नेमकी एका गाळ्याची पाटी आली. करसल्लागार. जीएसटी, इन्कम टॅक्स रिटर्न, उद्यम नोंदणी, प्रोजेक्ट रिपोर्ट, पॅन कार्ड. वर मालकाचं नाव, नावाखाली बी. कॉम. आणि त्यापुढे कंसात, जरा बारीक अक्षरात: सीए फायनल, ग्रुप १.

ट्रॉली हलली, बस हलली, तो कंस मात्र डोक्यातून हलेना.

पाट्या वाचायचा मला जुना नाद आहे. आपल्याकडच्या पाट्या सहसा आहे त्यापेक्षा थोडं जास्तच सांगतात. दोन टेबलांच्या खाणावळीचा पॅलेस होतो, एका शिलाई मशीनचं फॅशन हब. इथे एक माणूस भर बाजारात सांगत होता की माझं एवढं झालं, पुढचं झालं नाही. ग्रुप १ लिहिलं की ग्रुप २ न लिहिताच वाचला जातो. अर्थात जाणकाराला, म्हणजे ज्याच्या घरात कुणीतरी सीए करतंय त्याला.

माझ्या मावशीचं घर त्यातलं. नारायणगावच्या अलीकडे, कांदा आणि टोमॅटोवर चाललेलं. मावसबहीण पुण्यात राहून सीए करत होती, आणि घरातल्या सगळ्यांना त्या परीक्षेचे नियम देवाच्या व्रताइतके पाठ झाले होते. प्रत्येक पेपरात ४० हवेत. शिवाय ग्रुपची बेरीज निम्म्यावर हवी. तेव्हा ग्रुपमध्ये चार पेपर असत, म्हणजे ४०० पैकी २००. या दोन अटींच्या मधल्या फटीत माणूस अनेक प्रकारांनी पडू शकतो. एका खेपेला तिला चारही पेपरांत चाळिशीच्या वर होते आणि बेरीज १९७. पुढच्या खेपेला बेरीज २१०, पण कॉस्टिंगमध्ये ३८. पेपर होते तेव्हा बेरीज नव्हती आणि बेरीज झाली तेव्हा पेपर नव्हता. डायरेक्ट टॅक्समध्ये मिळालेल्या ६४ गुणांवर एक्झम्प्शन होती. ६० किंवा वर असले तर तो पेपर पुढचे तीन अटेम्प्ट द्यावा लागत नसे, ते गुण तसेच पुढे ओढत. मग त्याचीही मुदत संपायची. मावशीला हे काही केल्या पटेना. एकदा मिळालेले मार्क जुने कसे होतात?

दोन्ही ग्रुप एकत्र दिले आणि सगळ्या पेपरांत चाळीस असले, तर एका ग्रुपमधले जादा गुण दुसऱ्याची तूट भरून काढतात, हे मात्र तिला ताबडतोब कळलं. ‘म्हणजे कांद्यात गेलं ते टोमॅटोनं दिलं,’ ती म्हणाली. ‘मग दोन्ही एकदमच दे की गं.’

आणि फेरतपासणी? ती मागता येते, पण तिच्यात बघतात ते एवढंच की एखादं उत्तर तपासायचं राहिलं नाही ना, आणि बेरीज बरोबर आहे ना. ते उत्तर चुकीचं ठरवलंत, असं म्हणायची सोय नाही. हिशेबाच्या परीक्षेला हे शोभून दिसतं.

सदाशिव पेठेतल्या ज्या अभ्यासिकेत ती बसायची तिथे बहुतेक मुलं स्पर्धा परीक्षांची. त्यांच्या नापास होण्याला निदान सोबत असते. जागा तीनशे, अर्ज लाखांत. कुणीही काका समजूत घालू शकतो की जागाच नाहीत तर पोरं काय करणार. सीएला जागांची मर्यादाच नाही. उद्या सगळे पास झाले तरी सगळे सीए होतील. त्यामुळे नापास होणाऱ्याला बोट दाखवायला कुणी उरत नाही. आरक्षण नाही, वशिला नाही, पेपर फुटला नाही. उरतो तो आपलाच १९७ चा आकडा. मला वाटतं या परीक्षेच्या अपयशाची खरी धार इथे आहे, आणि ती नातेवाइकांना दिसत नाही. लग्नात पंगतीला बसता बसता ते विचारतात, ‘काय गं, निघाला का ग्रुप?’ जणू काट्यासारखा रुतून बसलाय आणि एक जोर लावला की येईल.

सीए इन्स्टिट्यूट १ जुलै १९४९ ला सुरू झाली. तिच्या बोधचिन्हावर गरुड आहे आणि कठोपनिषदातलं, झोपलेल्यांत जागा राहणाऱ्याबद्दलचं वचन. ते श्रीअरविंदांनी सुचवलं. परीक्षार्थींच्या वाट्याला त्यातलं जागरण तेवढं शब्दशः आलं. पण कठोपनिषद म्हटलं की मला नचिकेत आठवतो. यम घरी नाही म्हणून तो दारात तीन रात्री उपाशी बसून राहतो आणि परत आल्यावर यम ओशाळून एकेका रात्रीचा एकेक वर देतो. वाट बघायला लावल्याची भरपाई मिळाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही. मे महिन्यात दिलेल्या पेपराचा निकाल जुलैत. ते दोन महिने वाया गेलेले धरायचे की जगलेले, हे तिला कधीच ठरवता आलं नाही. पुढच्या खेपेचा अभ्यास सुरू करावा तर नापास होणार हे स्वतःच कबूल केल्यासारखं, आणि करू नये तर निकालानंतर हातात उरत तीन-साडेतीन महिने. त्यातही सप्टेंबर टॅक्स ऑडिटच्या घाईत ऑफिसलाच जायचा.

ऑफिस म्हणजे आर्टिकलशिप. तेव्हा ही उमेदवारी तीन वर्षांची असे. त्यातली ३१ मार्चची एक गोष्ट मी तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की आता मीच तिथे होतो असं वाटतं. मंचरच्या बाजूला एका शीतगृहात तिला साठा मोजायला पाठवलं होतं. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत हाडं गोठवणारा गारठा. वडिलांचा स्वेटर, त्यावर ओढणी घट्ट गुंडाळलेली, हातात क्लिपबोर्ड. बटाट्याच्या गोण्या जमिनीपासून छतापर्यंत. तिथला कारकून पन्नाशीचा, तोंडात पान, पोरीला बघून अर्धा हसलेला. तो लॉट नंबर वाचणार, ही मोजणार. रुंदीला बारा, उंचीला चौदा, मागे नऊ रांगा. गुणाकार करा ताई, संपलं. दोन चेंबर तसे झाले. तिसऱ्यात ती थांबली. का थांबली ते तिला नीट सांगता येत नाही. समोरच्या रांगेतल्या गोण्या जरा जास्तच नीट रचल्या होत्या, एवढंच. ती म्हणाली, मधली एक रांग काढा. कारकून म्हणाला, हमाल जेवायला गेलेत. ती म्हणाली, थांबते. तासभर ती त्या गारठ्यात थांबली. कारकून दोनदा चहा विचारून गेला, एकदा तिच्या साहेबांना फोन करून आला, एकदा नुसताच येऊन उभा राहिला आणि गाव कुठलं, घरी कोण कोण, अशी चौकशी करत बसला. हमाल आले, गोण्या काढल्या. तीन रांगांच्या मागे मोकळी जागा होती. एखादी खाट टाकून झोपावं एवढी, वरून गोण्यांनी झाकलेली. रजिस्टरात तिथे बटाटा होता. कारकून म्हणाला, ‘उंदीर लागतात ताई, म्हणून हवा खेळायला ठेवलीय.’ तिनं क्लिपबोर्डवर आकडा लिहिला आणि त्याच्यापुढे सहीला धरला. त्यानं सही करताना पेन हलवून बघितलं, चालत नाही म्हणाला, तिनं आपलं दिलं.

त्याच वर्षी तिनं ग्रुप १ काढला. त्यात ऑडिटच्या पेपराला तिला ४१ होते.

ही गोष्ट ती सांगते तेव्हा हसते, आणि मग हटकून त्या स्वेटरची चौकशी निघते. तो कुठे गेला कुणास ठाऊक. मावशी म्हणते दिला, मावसा म्हणतो तुझ्याकडेच होता.

नवस मावशीचा होता, भीमाशंकरला बोललेला. ग्रुप २ निघायच्या आधीच तो फेडायला आम्ही निघालो. कारण मावशीचं म्हणणं, देवाला वाट बघायला लावू नये. आगाऊ भरलेला कर, मावसबहीण म्हणाली. नुकताच निकाल लागलेला, जुलैचा दिवस. डिंभे धरणाच्या पुढे पावसानं गाठलं आणि तळेघरपासून रस्ता दिसेनासा झाला. भीमाशंकरची एक गोष्ट मला आवडते. डोंगरावरच्या इतर देवांकडे चढून जावं लागतं, इथे बस वर सोडते आणि देवाकडे पायऱ्या उतरून जायचं. दम लागतो तो परतताना. खाली देवळासमोर वसईची घंटा टांगलेली आहे. १७३९ मध्ये वसई घेतल्यावर चिमाजीअप्पांनी आणलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी ही एक. देवळाचं शिखर नाना फडणवीसांनी बांधलं असं सांगतात. रांगेत पुढे उभे असलेले एक गृहस्थ आमचं बोलणं ऐकत होते. त्यांनी लगेच नाना उचलला. पानिपतातून जीव वाचवून परतला तेव्हा पोरसवदा होता, आई तिथेच हरवली, आणि पुढे बघा काय केलं. बाळ, खचायचं नाही.

नापास झालेल्या माणसाला थोरांची उदाहरणं देणाऱ्यांचा मला मनापासून कंटाळा आहे. जो पुढे नाना फडणवीस झाला त्याचंच पानिपत सांगितलं जातं. बाकीचे नुसतेच परत आले. मावसबहिणीनं मात्र त्या गृहस्थांना अगदी वेगळंच विचारलं. फडणीस म्हणजे जमाखर्च लिहिणारा की लिहिलेला तपासणारा? दोन्ही एकाच माणसाकडे असेल तर अवघड आहे, ती म्हणाली, तिथेच मारामारी होते. गृहस्थ पुढे सरकले. रांगही सरकली.

पाऊस थांबेपर्यंत एका टपरीत बसलो तेव्हा तिनं नानाचा पिच्छा सोडला नव्हता. खर्डे कोण तपासत असेल, सरदारांनी पाठवलेल्या हिशेबावर विश्वास कसा ठेवत असतील, सैन्याचे घोडे मोजायला कोण जात असेल आणि मधली रांग कोण काढत असेल. त्या दिवशी सकाळपासून पहिल्यांदाच ती आपणहून बोलत होती, म्हणून मीही नाणेघाट काढला. तिच्याच तालुक्यातला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेण्याच्या भिंतीवर सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांची दक्षिणा कोरलेली आहे. गायी, घोडे, हत्ती, कार्षापण, आकड्यांसकट. जुन्नरच्या लेण्यांत तर बुरुडांच्या श्रेणीकडे शेताचं उत्पन्न ठेव म्हणून लावून दिल्याचाही लेख आहे. ‘म्हणजे पतसंस्था,’ ती म्हणाली. ‘बुडाली का?’

याच डोंगरात वहीचा दुसराही इतिहास आहे. जांभोरीचा होन्या केंगले, महादेव कोळी, १८७३ नंतर सावकारांवर उठला तो १८७६ मध्ये पकडला जाईपर्यंत. मधल्या काळात, १२ मे १८७५ ला, पुणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. मग १८७९ चा कायदा आला आणि कोर्टाला रोख्यावरचा आकडा बाजूला ठेवून मूळ व्यवहार उकरून बघता येऊ लागला. कुणीतरी मधली रांग काढून बघावी, एवढंच त्या लोकांचं म्हणणं होतं असं मला वाटतं. आजही या भागातल्या घरांचा पैसा बाळहिरड्यावर चालतो. झाडावर चढून काढायचा, वाळवायचा, आणि मग काटा दुसऱ्याच्या हातात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात हिरड्याचं नुकसान झालं तेव्हा भरपाईसाठी पंचनामे, याद्या, आकडे. ते नीट लिहून देणारा माणूस गावात लागतो. त्याच्या पाटीवर कंसात काय आहे याच्याशी कुणाला कर्तव्य नसतं.

ती सीए झाली नाही. सोडलं असं तिनं कधी सांगितलंही नाही. एका खेपेला फॉर्मची तारीख टळून गेली आणि घरात कुणी विषय काढला नाही. आम्ही तिला किती वर्षं धीर देत होतो, आणि धीर द्यायचं आमचं काम संपलं हे आम्हाला तिच्यानंतर बऱ्याच दिवसांनी कळलं. आता ती दोन पतसंस्था, एक दूध संस्था आणि एका शेतकरी कंपनीचे हिशेब बघते. सही करायला दुसरे सीए येतात. त्यांना ती कागद देते आणि शेजारी उभी राहून कुठे सही करायची ते बोटानं दाखवते. खंत आहे का, असं मी एकदा विचारलं. आहे, ती म्हणाली, ३१ मार्चला जास्त असते.

परवा तिच्या दिराच्या मुलीचा फोन आला, मी तिथेच होतो. मुलगी फाउंडेशनला बसतेय. आता फाउंडेशन आणि इंटर २०२४ पासून वर्षातून तीनदा होतात, २०२५ पासून फायनलही. म्हणजे दुःख करायला पूर्वी सहा महिने मिळत, ते चारावर आले. काकू, सुरुवात कशी करू, असं ती विचारत होती. मला वाटलं आता ही काहीतरी मोठं सांगणार. तिनं फोन खांद्यात धरला, पोळी उलटली आणि म्हणाली, ‘आधी तो मोबाईलमधला कॅल्क्युलेटर वापरणं बंद कर. बारा आकड्यांचा घे, बटणं वाजणार नाहीत असा. त्यापेक्षा मोठा हॉलमध्ये चालत नाही. आणि दोन घे, एक ऐन पेपरात बंद पडतो.’