न दिसणाऱ्या मालाची किंमत

कारखाना म्हटला की उंच चिमणी, पहाटेचा भोंगा आणि पाळी बदलताना फाटकाशी होणारी सायकलींची गर्दी, हे चित्र महाराष्ट्रातील मध्यमवर्गाच्या मनात दोन-तीन पिढ्या घट्ट बसलेले होते. ज्या उद्योगात पैसा घालावयाचा तो डोळ्यांना दिसला पाहिजे, निदान आगगाडीच्या खिडकीतून जाताना तरी दिसला पाहिजे, अशी त्याची साधी अपेक्षा असे. किर्लोस्करवाडी, वालचंदनगर, पिंपरी ही त्याच्या लेखी नुसती गावे नव्हती. ती विश्वासाची स्थाने होती. फेब्रुवारी १९९३ मध्ये बंगळूरच्या एका लहान कंपनीने आपले शेअर लोकांपुढे विक्रीस ठेवले, तेव्हा या वर्गाला अशा उद्योगाविषयी मत बनवावे लागले की ज्याला चिमणी नव्हती, भोंगा नव्हता, आणि ज्याचा माल तर कोणालाच दाखविता येत नव्हता.

कंपनीचे नाव इन्फोसिस. पटणी कॉम्प्युटर सिस्टिम्समधून बाहेर पडलेल्या सात अभियंत्यांनी ती १९८१ साली पुण्यात काढली. नारायण मूर्ती यांच्या पत्नी सुधा मूर्ती यांनी आपल्या शिलकीतून दिलेले १०,००० रुपये हे तिचे आरंभीचे भांडवल. पुढे मायको या कारखान्याचे काम मिळाले आणि १९८३ साली कंपनीने आपले बिऱ्हाड बंगळूरला हलविले. (पुण्याने त्यात काय गमावले, याचा हिशेब पुणेकर अजूनही अधूनमधून मांडतात, तो येथे मांडण्याचे कारण नाही.)

शेअरची दर्शनी किंमत १० रुपये होती आणि कंपनी मागत होती ९५. वरच्या ८५ रुपयांवरून वाद पेटला. तो समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९४७च्या कायद्याने दिल्लीत भांडवल नियंत्रकाचे कार्यालय स्थापन झाले होते, आणि नव्या शेअरवर अधिमूल्य किती घ्यावे हे तेथे ठरत असे. निव्वळ मालमत्ता आणि आजवरचा नफा यांवर आधारलेले त्याचे सूत्र असे. त्यातून निघणारी किंमत बाजारभावाच्या मानाने बहुधा फारच कमी भरे. १९७३च्या परकीय चलन कायद्यामुळे परदेशी कंपन्यांना आपल्या भांडवलातील मोठा हिस्सा भारतीयांना विकावा लागला, तेव्हा तर अर्जांचे ढीग लागले. शेअर पदरात पडणे ही सोडत निघण्यासारखी गोष्ट झाली. घरातल्या प्रत्येकाच्या नावाने अर्ज भरावा, लागला तर विकून मुलीच्या लग्नाची तजवीज करावी, न लागला तर पैसे परत येतात, इतका तो व्यवहार निर्धास्त होता. मे १९९२ मध्ये हे नियंत्रण उठले. किंमत ठरविण्याचे स्वातंत्र्य कंपनीला मिळाले, पण ती किंमत रास्त आहे की नाही हे पारखण्याची सवय गुंतवणूकदाराला कधी लागलीच नव्हती. पंचेचाळीस वर्षे ते काम सरकार त्याच्या वतीने करीत आले होते.

काळही अनुकूल नव्हता. एप्रिल १९९२ मध्ये रोख्यांचा घोटाळा उघडकीस आला आणि बाजार कोसळला. डिसेंबर आणि जानेवारीत मुंबई दंगलींनी होरपळून निघाली. अशा वेळी ज्याने हात आखडता घेतला, त्याला भित्रा म्हणणे अन्यायाचे होईल.

विरोधकांचे म्हणणे असे की, या कंपनीपाशी जप्त करण्याजोगे काय आहे? गिरणी बुडाली तर निदान जमीन उरते, माग भंगारात जातात. येथे संध्याकाळ झाली की सारी मालमत्ता फाटकाबाहेर निघून जाते, आणि ती उद्या परत येईलच याची हमी कोण देणार? हा आक्षेप पोरकट मुळीच नव्हता. खुद्द कंपनीलाही तो मान्य असावा. कारण पुढे काही वर्षांनी तिने आपल्या वार्षिक अहवालात कर्मचाऱ्यांचेच मूल्य लेव आणि श्वार्ट्झ यांच्या पद्धतीने काढून छापावयास आरंभ केला. अर्थात् तो आकडा अधिकृत ताळेबंदाच्या बाहेरच राहिला. अनुकूल पक्ष सांगे की, १९९१च्या अवमूल्यनानंतर डॉलरमधील प्रत्येक कमाई रुपयांत फुगली आहे, निर्यातीच्या नफ्यावर प्राप्तिकराची सवलत आहे, आणि खर्च म्हणजे मुख्यतः पगार. मग ९५ रुपये अधिक कसे? दोन्ही बाजूंचे गणित बरोबर होते. मुळात कोणती वही उघडावी याविषयीच एकमत नव्हते.

भाषेच्या अभ्यासकाला यात एक गंमत आढळेल. जो माल तारणात धरावा की नाही असा संभ्रम होता, त्याची जात कायद्याने आधीच ठरवून टाकली होती. १९८४च्या दुरुस्तीने भारतीय लेखाधिकार कायद्यात संगणकाच्या प्रोग्रामचा समावेश ‘साहित्यकृती’ या सदरात झाला. म्हणजे कादंबरी आणि हा प्रोग्राम कायद्यापुढे सख्खी भावंडे! दोहोंची नक्कल करणे सोपे, मूळ निर्माण करणे अवघड. आणि किंमत वाचकाच्या गरजेवर. कवितासंग्रहावर कर्ज देणारी बँक कोणी पाहिली नव्हती. तेव्हा प्रोग्रामवर पैसे लावताना लोक बिचकले यात नवल ते काय?

बँकेचा उल्लेख निघालाच आहे, तर या वादात सर्वांत अवघड जागी कोण उभा होता हेही सांगितले पाहिजे. शहरातून नवे शेअर घेणाऱ्यांत बँकेतला नोकरदार पुष्कळ असे. अर्ज त्याच्याच खिडकीवर जमा होत. याच नोकरदाराच्या संघटनांनी ऐंशीच्या दशकात संगणकाला कडवा विरोध केला होता, करारांवर करार होऊन यंत्रे मोजूनमापून आत घेतली गेली होती. आणि याच दशकात इन्फोसिस बँकांच्या शाखांसाठी ‘बँक्स २०००’ नावाची प्रणाली विकणार होती. तिचीच पुढची पिढी म्हणजे ‘फिनॅकल’. ज्या सुवाच्य अक्षराच्या जोरावर एखाद्याने वीस वर्षे खतावणी लिहिली, ते अक्षर निरुपयोगी करणाऱ्या उद्योगात त्याने आपला भविष्यनिर्वाह निधी घालावा काय? येथे प्रश्न ८५ रुपयांचा राहत नाही.

बाहेरच्याला माहिती नव्हती म्हणून तो चुकला, असे आता सहज म्हटले जाते. परंतु ज्यांना सारे काही ठाऊक होते, त्यांचे काय झाले होते? १९९० सालच्या हिवाळ्यात एका शनिवारी सकाळी, झाडांनी भरलेल्या एका उपनगरातल्या लहानशा कचेरीत सातांपैकी पाच संस्थापक जमले. कंपनी १० लाख डॉलरला, म्हणजे त्या वेळच्या सुमारे पावणेदोन कोटी रुपयांना विकावी काय, हा विषय होता. नारायण मूर्ती यांनी २००७ साली न्यूयॉर्कमधील एका भाषणात हा प्रसंग सांगितला. चर्चा चार तास चालली, आणि नऊ वर्षांच्या खस्तांनंतर हाती काही पैसा येतो आहे याचा मोह सर्वांनाच होता. शेवटी मूर्ती बोलले: विकावयाचेच असेल तर तुम्हा सर्वांचे हिस्से मीच घेतो. खिशात त्यांच्या दमडी नव्हती. आणखी तासाभराने सहकाऱ्यांनी बेत सोडला. जे आतून प्रत्येक ग्राहक, प्रत्येक थकबाकी, प्रत्येक प्रोग्रामचा गुणदोष जाणत होते, त्यांनाही पाच तास लागले. मग खिडकीपाशी अर्ज घेऊन उभ्या असलेल्या माणसाने कोणत्या ज्ञानाच्या आधारे तत्काळ होकार द्यावयास हवा होता?

शेअर पुरते खपले नाहीत. मॉर्गन स्टॅन्ले या अमेरिकन संस्थेने ९५ रुपयांच्याच भावाने सुमारे १३ टक्के हिस्सा उचलला आणि विक्री पार पडली. १२ मार्चला मुंबईतील स्फोटमालिकेत शेअर बाजाराची इमारतही सापडली. जूनमध्ये इन्फोसिसचा शेअर बाजारात आला तो १४५ रुपयांना.

आता घरोघरी जो हिशेब सांगितला जातो तो असा की, १९९३ साली ९,५०० रुपयांना घेतलेले १०० शेअर बोनस आणि विभाजन होत होत २०१८ पर्यंत १,०२,४०० झाले. हिशेब खरा आहे. मात्र तो सांगणारा, त्याच वेळी त्याच बोलीत शेअर विकून पुढे नामशेष झालेल्या इतर लहान कंपन्यांचे कागद कोणत्या कपाटात पडले आहेत, हे सांगत नाही.

मागणी कमी पडल्यामुळे सामान्य अर्जदाराला त्या खेपेस सोडतीची धास्ती नव्हती. मागितले ते मिळाले, आणि सवयीमुळे त्याला तेच संशयास्पद वाटले असेल. जूनमध्ये शंभरावर ५,००० रुपये सुटतात असे दिसताच त्यांतल्या कित्येकांनी शेअर विकले असणार. चार महिन्यांत अर्ध्याहून अधिक नफा, तोही अशा मालावर की जो कोणी पाहिलेला नव्हता! त्या संध्याकाळी अशा घरांतून पेढे वाटले गेले असतील, आणि वडीलधाऱ्यांनी वेळेवर बाहेर पडणाऱ्याच्या व्यवहारचातुर्याचे कौतुकही केले असेल.