शाळेच्या नावाचा रकाना

विज्ञान प्रदर्शनाच्या अर्जात मुलाच्या नावाखाली शाळेचं नाव लिहायचं असतं आणि शेवटी मुख्याध्यापकांची सही-शिक्का लागतो. तालुका, जिल्हा, राज्य ही सगळी चढण शाळेच्या दारातूनच सुरू होते. केंद्र सरकारच्या ‘इन्स्पायर मानक’ योजनेसाठीही मुलांच्या कल्पना शाळेनेच पाठवायच्या. पनवेल-खारघरकडचं एखादं कुटुंब मुलांना घरीच शिकवायचं ठरवतं, तेव्हा पुस्तकांची सोय होते, मुक्त विद्यालयातून दहावीही देता येते. घोडं अडतं ते या रकान्यापाशी. आणि मुलाच्या वयाबरोबर रकानाही वाढतो. शाळा मध्येच सोडलेल्या मुंबईच्या मालविका जोशीने आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवली, पण बारावीचं प्रमाणपत्र नसल्याने आयआयटीचा रस्ता बंद होता. २०१६मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने तिला प्रवेश दिला.

प्रदर्शनापुरतं तरी शिक्क्याचं काम मुलाच्या मोजमापांच्या नोंदवहीकडे सोपवावं, असं मला वाटतं. यात नवं काहीच नाही. १९९३पासून भरणारी राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १० ते १७ वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि शाळेबाहेरच्या मुलांनाही ती घेते. तिथे चकचकीत मॉडेलपेक्षा आपल्या परिसरातला प्रश्न आणि त्याची मोजमापं यांना किंमत. पनवेलमध्ये असा प्रश्न शोधायला लांब जावं लागत नाही. तळोजा एमआयडीसीजवळची कासाडी नदी २०१७मध्ये निळ्या कुत्र्यांमुळे देशभर गाजली. कारखान्याच्या सांडपाण्यातला रंग त्यांच्या अंगाला लागला होता. अशा पाण्यात मुलांनी उतरू नयेच. पण मोठ्या माणसाने पुलावरून बादली सोडून काढलेल्या पाण्याचा पीएच, तापमान, गढूळपणा मुलं आठवड्यामागून आठवडे मोजू शकतात. खाडीच्या बाजूला मोजायचं, तर भरतीची वेळही टिपावी लागते, नाहीतर दोन दिवसांच्या आकड्यांची तुलनाच होत नाही. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. शाळेचं वेळापत्रक सरकत नाही. घरी शिकणारं मूल भरतीच्या वेळेला पुलावर हजर राहू शकतं. प्रदर्शनात त्याला जागा द्यायची ती याच कारणासाठी, दया म्हणून नव्हे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: घरच्या मुलाचा प्रकल्प आईबापच करणार. करतीलही. पण शाळांच्या प्रदर्शनांतही थर्माकोलचा ज्वालामुखी रात्री कोण रंगवतं, हे परीक्षकांना ठाऊक असतं, आणि मुख्याध्यापकांच्या शिक्क्याने ते काही थांबत नाही. एखादा आकडा बाकीच्यांपासून फटकून का आहे, त्या दिवशी काय वेगळं झालं, हे वही उघडून विचारलं की ज्याने मोजलं तो बोलू लागतो आणि ज्याने नाही तो पालकांकडे बघतो. जबाबदारी कोणाची, हा दुसरा प्रश्न. सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठीच्या २००९च्या शिक्षणहक्क कायद्यात घरच्या शिक्षणासाठी स्वतंत्र तरतूद नाही, त्यामुळे अधिकारी बिचकतात. ते समजण्यासारखं आहे. पण प्रदर्शनात भाग घेणं म्हणजे शाळाप्रवेश नव्हे. वयाचा दाखला, पालकांची संमती आणि एखाद्या विज्ञान शिक्षकाने मार्गदर्शक म्हणून केलेली सही, एवढ्यावर भागावं.

तिसरा आक्षेप मात्र बोचरा आहे. घरी शिकवणं हे बहुधा शिकल्या-सवरल्या, ऐपतीच्या घरांचं चोचलं. त्यांच्यासाठी नियम कशाला वाकवायचे? केवळ त्यांच्यासाठी असते, तर मीही नको म्हटलं असतं. पण पनवेलच्याच रायगड जिल्ह्यातली कातकरी कुटुंबं पाऊस सरला की वीटभट्ट्यांवर जातात आणि त्यांच्या मुलांची शाळा अर्ध्यावर तुटते. कुठली माती भाजल्यावर तडकते, ओली वीट किती दिवसांत वाळते, हे रोज पाहणाऱ्या त्या मुलांनाही अर्जातला हाच रकाना आडवा येतो. ऐपतदार पालक ओळखीने एखाद्या शाळेचा शिक्का मिळवतीलही, भट्टीवरचा बाप तो कुठून आणणार? त्या रकान्यात ‘शाळा किंवा मार्गदर्शक’ असं छापलं, तर त्याचा अधिक उपयोग भट्टीवरच्या पोरांनाच होईल. फक्त मार्गदर्शक व्हायला शिक्षकाला भट्टीपर्यंत जावं लागेल, आणि त्याच्या त्या वेळेचा हिशेब शिक्षण खात्याला धरावा लागेल.