याची रेख कुठे आहे?

आमच्या धर्मग्रामाच्या कार्यालयात, टेबलासमोरील भिंतीवर, एक लाकडी ठसा कित्येक वर्षे टांगलेला होता. मुंबईच्या चोरबाजारात जुन्या वस्तूंच्या ढिगात तो आम्हास गवसला. तळहाताएवढा, सागवानी, पाठीवर मूठ असलेला. त्यावर पाकळ्यांसारखे काही सुटे उंचवटे होते. त्यांचा एकमेकांशी संबंध मात्र लागत नसे. कुणी विचारले की आम्ही ऐटीत सांगत असू, "जुनी कला आहे." याहून अधिक आम्हालाही ठाऊक नव्हते.

पुढे गुजरातेतील एका स्नेही धर्मगुरूंनी आम्हास बोलावले. कापडावर छपाई करण्याचे ठसे पिढ्यान्‌पिढ्या कोरणारे पेथापूर हे गाव गांधीनगरला लागूनच आहे, असे त्यांनी कळविले होते. निघताना आम्ही तो ठसा भिंतीवरून उतरवून पिशवीत घातला.

पेथापूरच्या ठशांनी छापलेले सौदागिरी कापड एके काळी सयामपर्यंत जात असे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तो व्यापार आटला. मग स्क्रीन छपाई आली, यंत्रे आली, आणि कोरणाऱ्यांचे हात कमी होत गेले. आम्ही गेलो तेव्हा एक वृद्ध कारागीर जमिनीवर मांडी घालून कामास बसले होते. सागाचा तुकडा त्यांनी पाण्याने दगडावर घासून अगदी सपाट केलेला, त्यावर पांढरा लेप दिलेला आणि त्या लेपावर नक्षी उतरवून घेतलेली. कमानीने फिरणाऱ्या सामत्याने ते भोके पाडीत, आणि बारीक कोरण्यांनी नक्षीभोवतीचे लाकूड काढून टाकीत. ठशातून आरपार छिद्रेही ठेवावी लागतात. छापताना अडकलेली हवा आणि जास्तीचा रंग त्यांतून निघून जातो. कोरून झाल्यावर ठसा काही दिवस तेलात मुरवतात, म्हणजे लाकूड तडकत नाही.

आम्ही कौतुकाने आमचा ठसा पुढे केला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला, कोपऱ्यांवरून बोट फिरवले आणि विचारले, "फादर, याची रेख कुठे आहे?"

आम्हास प्रश्नच कळला नाही. तेव्हा त्यांनी समजावून सांगितले. एका नक्षीत जितके रंग, तितके ठसे. बाह्यरेषेचा ठसा ती रेख. आत रंग भरणारा तो दत्ता. सगळे ठसे एकाच मापाने कोरावे लागतात. कोपऱ्यांवरच्या खुणा जुळवून छापणारा एकावर एक ठसा मारतो. केसभर जरी चूक झाली, तरी कापडावर पांढरी फट दिसते किंवा रंग रेषेबाहेर जातो. आमच्याकडे होता तो नुसता दत्ता. "एकटा हा काय बोलणार?" ते म्हणाले.

त्यांनी ठशाच्या कडेला पडलेली बारीक चीर दाखवली. वर्षानुवर्षे तेल नाही, रंगाचा ओलावा नाही. लाकूड सुकून गेले होते. ते शांतपणे म्हणाले, "ठसा वापरून झिजला की छापणारा नवा करायला येतो, त्यावर आमचे घर चालते. भिंतीवरचा ठसा झिजत नाही." त्यांचा मुलगा नोकरीला आहे, तो सुटीच्या दिवशी तेवढा हाताला लागतो, हेही त्यांनी तक्रारीचा सूर न लावता सांगितले.

आम्ही खजील झालो. कलेचे जतन करीत आहोत, या समाधानात आम्ही एक अवजार निकामी करून टांगले होते, आणि ज्याने ते घडविले त्याच्या पोटाचा विचार आमच्या मनाला शिवलाही नव्हता.

"रेख करता येईल काय?" आम्ही विचारले. त्यांनी दत्त्याला रंग लावून कागदावर छाप घेतला आणि त्या सुट्या उंचवट्यांभोवती पेन्सिलीने रेषा फिरवू लागले. पाहता पाहता त्यातून एक वेल उमटली. इतकी वर्षे ज्यांना आम्ही पाकळ्या समजत होतो, ती पाने होती!

रेख कोरण्याचे दाम त्यांनी सांगितले तेवढेच आम्ही दिले; घासाघीस करण्याचे धैर्य झाले नाही. आमचा दत्ताही तेलात मुरवण्यासाठी त्यांच्यापाशीच ठेवला. दोन्ही ठसे तयार झाले की कुणा छापणाऱ्याकडे द्यावेत, असे सांगून आम्ही परतलो.

काही महिन्यांनी स्नेह्यांनी टपालाने एक सुती रुमाल पाठविला. त्यावर तीच वेल होती, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. एके ठिकाणी रंग रेषेबाहेर किंचित सांडलेला होता. छापणाऱ्याचा हात हलला असावा.

कार्यालयात येणारे आता भिंतीवरचा रिकामा खिळा पाहून विचारतात, "फादर, तो ठसा कुठे गेला?" आम्ही सांगतो, "कामावर गेला."