लोखंडाचा डाग

आयर्न सुक्रोजच्या दोन अँप्युल, म्हणजे 200 मिलिग्रॅम लोह, 100 मिली सलाईनमध्ये सोडलं की बाटली कोऱ्या चहासारखी दिसते. ते शिरेत गेलं तर रक्त वाढतं. शिरेबाहेर झिरपलं तर कातडीखालच्या पेशी ते गिळून बसतात आणि तपकिरी डाग महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं जात नाही. चोळून तर नाहीच.

आमच्या दवाखान्यात वैशाखऱ्याच्या वाड्यावस्त्यांवरून येतात त्या अंगात रक्त नसलेल्या गरोदर बाया.

त्यातलीच एक, हिमोग्लोबिन साडेसात. कोपराखाली तळहाताएवढा चट्टा, आधीच्या बाळंतपणात दुसरीकडे लोहाचं सलाईन शिरेबाहेर गेलं होतं तेव्हाचा. "सिस्टर, गोळ्या कितीबी द्या, ती बाटली नको." सासूने तो कुष्ठाचा म्हणून वर्षभर तिचं ताट वेगळं ठेवलेलं. डॉक्टरी भाषेत मात्र हा 'किरकोळ' दुष्परिणाम!

पूर्वी लोहाचं इंजेक्शन, इंफेरॉन, कमरेत द्यायचे. कातडी बाजूला ओढून सुई घालायची, औषध गेल्यावर दहा सेकंद थांबून सुई काढायची आणि मगच कातडी सोडायची, म्हणजे औषधाची वाट मोडते. तरी डाग पडायचेच. झाकल्या जागी पडायचे म्हणून कुणी बोललं नाही, एवढंच.

'बाटली नको' म्हणणाऱ्या त्या बाईकडे मी दुसरा हात मागितला. कोपराचा सांधा टाळून मधली सरळ शीर. थंडीत माळशेज घाटाकडून गार वारा सुटला की शिरा दडतात, म्हणून आधी कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल. शिरेत इंट्राकॅथची नळी लावून सुरुवातीला नुसतं सलाईन, जागा फुगत नाही ना ते बोटाने चाचपत. मगच लोह. "चुणचुणतंय? गार लागतंय?" हो म्हणाली की तिथल्या तिथे बंद. संपल्यावर पुन्हा साधं सलाईन, नाहीतर नळीतलं उरलेलं थेंबभर लोह ती काढताना कातडीत सांडतं.

बाहेर रांग असताना एका हाताजवळ वीस मिनिटं कोण बसणार, असं म्हणतात. डाग त्याच वीस मिनिटांत पडतो.

केसपेपरवर हात कोणता, शीर कोणती, जुना डाग कुठे, हेही मी लिहिते. पुढच्या पाळीच्या सिस्टरने निदान ती जागा टाळावी.