शिसे, साचा आणि नात

छंद माणसाला धरतो की माणूस छंदाला, याचा निर्णय आम्हाला आजवर करता आलेला नाही. कोणी तिकिटे जमवतो, कोणी गुलाबाची कलमे बांधतो. आमच्या जावयांना शिसे ओतण्याचा छंद आहे, हे आम्हाला उन्हाळ्याच्या सुटीत अमेरिकेतील टेनेसी राज्यात त्यांच्या बिऱ्हाडी गेल्यावर कळले. बंदुकीच्या गोळ्या घरी ओतायच्या आणि रविवारी चांदमारीच्या मैदानावर कागदी लक्ष्यावर झाडायच्या! आमच्या इंदूरकडील मराठी घरात असे कोणी बोलला तर देवघरातली घंटासुद्धा थबकेल. परंतु त्या देशात हा छंद कायद्याला धरून आहे आणि बराच रूढही आहे, हे ध्यानी घेऊन आम्ही उभयतांनी जिभेला आवर घातला. इतकेच नव्हे, तर दोन संध्याकाळी गॅरेजच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून तो उद्योग पाहत बसलो.

उद्योग दिसतो तितका सरळ नाही. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, पण ओतायचे ते त्याहून बरेच तापवून. साचा थंड असला तर गोळीच्या अंगावर म्हाताऱ्यासारख्या सुरकुत्या पडतात; फार तापला तर तिच्यावर दहिवर पडल्यासारखी पांढुरकी छटा येते. भांड्यात पाण्याचा एक थेंब गेला की त्याची क्षणात वाफ होते आणि वितळलेले शिसे उसळून अंगावर येते. पूर्वी मोटारीच्या चाकांना तोल साधण्यासाठी लावलेली वजने शिशाची असत, ती हौशी मंडळी जमवत. आता त्यांत जस्ताची वजने मिसळलेली असतात. जस्त वितळायला ४१९ अंश लागतात, म्हणून आच बेताची असली तर ते वर तरंगते व काढून टाकता येते. आच वाढली की सगळे भांडे नासते.

नुसते शिसे मऊ पडते, म्हणून त्यात कथील आणि अँटिमनी घालून ते कठीण करतात. जावयांनी त्यासाठी कोठल्याशा बंद पडलेल्या छापखान्यातील लायनोटाइपची धातू आणली होती. शंभर भागांत सुमारे चौऱ्याऐंशी भाग शिसे, बारा अँटिमनी, चार कथील! आम्ही चमकलोच. लहानपणी छापखान्यात जुळाऱ्याच्या हाती पाहिलेले खिळे याच धातूंच्या मिश्रणाचे. ज्यातून अक्षरे ओतली त्यातूनच गोळ्या ओतल्या जाताना पाहणे मराठीच्या शिक्षकाला सुखाचे नव्हते, पण असो. (आमच्या विद्यार्थ्यांच्या शिसपेन्सिलीत मात्र शिसे मुळीच नसते, ग्राफाइट असते, हे आम्हाला दरवर्षी नव्याने सांगावे लागते.)

खरी कसोटी मापाची. साच्यातून निघालेली गोळी पोलादी डायमधून दाबून नेमक्या मापाला आणतात. जावयांचे माप ०.३५८ इंच. गोळी नळीला सैल राहिली तर तप्त वायू तिच्या कडेने निसटतो आणि शिसे नळीच्या आतल्या अंगाला माखून बसते. मग ब्रश घेऊन तासभर घासत बसायचे. फार जाड राहिली तर बंदुकीत बसतच नाही. जावई मायक्रोमीटर लावून इंचाचा हजारावा भाग पाहत. वृत्तात एक मात्रा वाढली की आमचा जीव जसा कासावीस होतो, तसाच त्यांचा होई. या बाबतीत आमचे सूर जुळले.

मात्र गॅरेजमधून घरात येणारे दार थेट स्वयंपाकघरात उघडे. जावई काम संपवून त्याच बुटांनी आत येत आणि दार उघडताच रांगत येणाऱ्या नातीला उचलून घेत. नात अकरा महिन्यांची. भुईवरचे जे सापडेल ते तोंडात. सौभाग्यवतींनी एके दिवशी जावयांचा सदरा आणि नातीची दुपटी एकाच यंत्रात पडलेली पाहिली आणि रात्री आमच्याजवळ विषय काढला.

जावयाला उपदेश करणे हे आपल्याकडे किती नाजूक काम आहे, ते वाचकांना सांगायला नको. मुलीला विचारले, तर ती म्हणाली, "बाबा, ते पंखा लावतात, दार उघडे ठेवतात. धूर आत येत नाही." परंतु मेख धुरात नव्हती. ओतकामाच्या आचेला शिशाची वाफ अगदी थोडी होते. उपद्रव असतो तो वर येणाऱ्या राखाडी मळाच्या धुळीचा. ती हाताला, बुटांना, कपड्यांना लागते आणि दिसत नाही. चांदमारीवर उडणाऱ्या बारातूनही शिसे अंगावर येते. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या मानाने लहान मूल चार ते पाच पट अधिक शोषून घेते. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवते. वाढत्या मेंदूचे नुकसान होते ते वेगळेच.

आम्ही बोललो. "जावईबापू, तुमचे यंत्र इंचाचा हजारावा भाग दाखवते. पण पोरीच्या हाताला काय लागते, ते त्यात दिसत नाही." ते काही बोलले नाहीत. रागावले असावेत.

पुढच्याच आठवड्यात नातीचा पहिला वाढदिवस झाला आणि नेमाची तपासणी आली. डॉक्टरीणबाईंच्या प्रश्नावलीत घरी शिशाशी संबंध येणारा छंद आहे काय, असा प्रश्न होता. त्याला खरे उत्तर जावयांनीच दिले, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. रक्त घेतले. आकडा आला ६. म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तात सहा मायक्रोग्रॅम. तिकडील आरोग्य खात्याने २०२१ पासून ३.५ ही दखल घेण्याची पातळी ठरवली आहे. निर्धोक अशी पातळी कोणतीच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. इतक्या आकड्याला औषध देत नाहीत. मूळ कारण बंद करायचे, लोह आणि कॅल्शियम पोटात जाऊ द्यायचे आणि पुन्हा रक्त तपासायचे.

त्या रात्री जावई जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी भट्टी, साचे, डाय, सारे परसातल्या वेगळ्या खोपटात गेले. केरसुणीने धूळ उडते म्हणून त्यांनी गुडघे टेकून गॅरेजची व स्वयंपाकघराची फरशी ओल्या फडक्याने तीनदा पुसली. सौभाग्यवतींनी इंदूरहून नेलेले नाचणीचे सत्त्व बाहेर काढले. नाचणीत कॅल्शियम भरपूर, हे त्यांना कोणत्याही डॉक्टरांनी शिकवलेले नाही.

शाळा उघडायच्या सुमारास आम्ही परतलो. ऑगस्टमध्ये मुलीचा फोन आला: आकडा ४. पुढची तपासणी दिवाळीच्या आसपास आहे. जावयांनी तेव्हापासून शिसे ओतलेले नाही. साचा तेल लावून डब्यात ठेवला आहे, विकलेला मात्र नाही, असे ती म्हणाली.